बाबांची कॅसेट आणि जुने स्पीकर
घरासाठी वापरलेले चांगले स्पीकर घेताना काय पाहावे?

एप्रिल महिना आला की आपल्या वस्त्यांमध्ये आवाजाला तोटा नसतो. नांदेडला काय किंवा लातूरला काय, चौकाचौकात स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात आणि पत्र्याची घरे थरथरतात. पण तेच एखादे भीमगीत घरी शांतपणे बसून, शब्दन् शब्द ऐकायचे म्हटले तर किती घरांत तशी सोय आहे? मोबाईल असतो, फार तर प्लॅस्टिकचा एक छोटा डबा असतो. त्यातून ढोलकीचा धपधप आवाज येतो, गायकाचा सूरही कळतो, पण शब्द मात्र तोंडातल्या तोंडात राहतात. आणि भीमगीताचा जीव तर शब्दांत आहे.

हा प्रश्न आमच्या घरात आला तो एका कॅसेटमुळे. आमच्या बाबांची गायन पार्टी होती. नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यांतून जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, लग्नकार्य अशा प्रसंगी ही मंडळी गात असत. १९८६ च्या जयंतीला कुणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून ६० मिनिटांची एक कॅसेट भरून घेतली. बाबा गेले. पेटी गेली, ढोलकी फुटली. राहिली ती एवढी एकच कॅसेट. आमच्या मायचे वय झाले. तिला कानाने कमी येऊ लागले. एक दिवस ती म्हणाली, "लेकरा, तुझ्या बाबाचा आवाज एकदा नीट ऐकव. नुसती भणभण नको."

त्या एका वाक्यापायी आम्ही जुन्या स्पीकरच्या शोधाला लागलो. त्यात एकदा फसलो, एकदा सावरलो. त्या अनुभवातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणजे कुणाचे तरी कष्टाचे पैसे वाचतील, एवढ्यासाठी हा लेख.

ही चैन आहे काय?

पहिला प्रश्न घरातूनच आला. मुलांच्या फीचे पाहायचे की गाण्याचे? प्रश्न रास्त होता. आम्ही घरी बसून ठरवले की फी, किराणा आणि औषधपाणी बाजूला काढून जे उरेल त्यातूनच दरमहा थोडे थोडे साठवायचे. हप्ता नाही, उसनवारी नाही. वर्षभर साठवले तेव्हा कुठे हातात रक्कम आली. ज्या घरात ही वजाबाकी जमत नाही, त्या घराने घाई करू नये. स्पीकर पुढच्या वर्षीही मिळतात. शाळेचे वर्ष मात्र परत मिळत नाही.

पण संगीत ऐकणे हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे, असे मात्र कुणी मनात आणू नये. बाबासाहेबांनी उतारवयात, कामाच्या एवढ्या डोंगराखाली असताना व्हायोलिन शिकायला घेतले होते. आपली चळवळ तर गाण्यावरच वाढली. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गीते, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे पहाडी आवाज यांनी जे खेड्यापाड्यांत पोचवले ते वाचता न येणाऱ्या माणसालाही कळले. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले, विठ्ठल उमप २०१० साली गेले. आता त्यांचा आवाज ऐकायचा तर तो ध्वनिमुद्रणातूनच. बाबासाहेबांचा स्वतःचा आवाजही असाच उरला आहे. १९५५ साली बीबीसीने घेतलेली त्यांची इंग्रजी मुलाखत आज सहज मिळते. मोबाईलवर ती ऐकणे वेगळे आणि चांगल्या स्पीकरवर, ते समोर बसून बोलत आहेत असे ऐकणे वेगळे. आमच्या धाकट्याने ती तशी ऐकली तेव्हा तो पहिल्यांदाच गप्प बसून राहिला.

नवे की जुने?

नव्या, खरोखर चांगल्या जोडीची किंमत आपल्या आवाक्याबाहेर असते. स्वस्त नव्या स्पीकरमध्ये पेटीचे लाकूड हलके आणि लोहचुंबक लहान असते. चांगल्या कंपनीची जुनी जोडी त्या मानाने भरीव असते. लाकडाची पेटी तीस-तीस वर्षे टिकते, लोहचुंबकाची ताकदही सहसा कमी होत नाही. म्हणून जुना चांगला स्पीकर हा नव्या हलक्या स्पीकरपेक्षा पुष्कळदा सरस ठरतो. मात्र त्यात जे भाग कुजतात ते कोणते, हे आधी माहीत पाहिजे.

आमची फसगत नेमकी तिथेच झाली. लातूरला आमच्या ताईच्या घरी गेलो असता एका गृहस्थाकडे परदेशी बनावटीची मोठी जोडी विकायला आहे असे कळले. पाहायला गेलो. उंच पेट्या, चकचकीत जाळी, मागे वॉटचा मोठा आकडा. गृहस्थाने धडाकेबाज गाणे मोठ्याने लावले. खिडकीची तावदाने हलली आणि आम्ही खूश झालो. ६ हजार रुपये मोजले आणि जोडी टेम्पोत घालून नांदेडला आणली. आठव्या दिवशी आवाज फाटू लागला. जाळी काढली तर आत काळा भुगा पडलेला. कागदी शंकूच्या भोवतीची फोमची कड बोट लावताच बिस्किटासारखी चुरली.

नांदेडला जुने डेक आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडे पेट्या नेल्या. त्यांनी एकदा पाहिले आणि म्हणाले, "बाबू, नाम मत देखो, रिंग देखो." फोमची कड नवी बसवता येते, पण कड तुटलेली असताना मोठ्या आवाजात वाजवल्यामुळे एका बाजूची कॉइल घासून जळाली होती. ६ हजार रुपये आणि टेम्पोचे भाडे असे आमचे शिकवणीचे पैसे झाले.

पेटीच्या आत काय असते?

चाचांनी त्या दिवशी उघडून दाखवले ते थोडक्यात असे. मोठा गोल स्पीकर म्हणजे वूफर. तो ढोलकी, पेटीचे खालचे सूर आणि माणसाच्या आवाजाचा भरीवपणा देतो. वरचा छोटा तो ट्वीटर. टाळी, झांज आणि 'स', 'च', 'त' यांसारख्या अक्षरांची धार त्यातून येते. ट्वीटर मेला की गाणे ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. आत एका पट्टीवर तारेचे वेटोळे आणि कपॅसिटर बसवलेले असतात. त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. कोणता सूर वूफरकडे जाईल आणि कोणता ट्वीटरकडे, याची वाटणी ते करते. हे कपॅसिटर वीस-तीस वर्षांनी कमकुवत होऊ शकतात. बदलायला मात्र फार खर्च येत नाही.

वूफरचा शंकू पुढे-मागे हलावा म्हणून त्याच्या कडेने एक लवचीक पट्टी असते. तीच ती रिंग. ती तीन प्रकारची असते. फोमची रिंग दहा-पंधरा वर्षांत कुजू लागते. नांदेड-लातूरच्या ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या खोलीत ती लवकरच जाते. रबराची रिंग बरीच जास्त टिकते. कापडाची रिंग तर त्याहूनही टिकाऊ. म्हणून जुनी जोडी घेताना पहिल्याने जाळी काढायला सांगावी. विकणारा जाळी काढू देत नसेल तर सरळ नमस्कार करून निघावे.

घेण्याआधीच्या सात परीक्षा

भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखून पाहा. हा उपदेश जीवनाच्या मोठ्या प्रश्नांसाठी आहे हे खरेच, पण बाजारातही तो उपयोगी पडतो. आम्ही दुसऱ्या वेळी या सात परीक्षा केल्या.

पहिली, डोळ्यांची. रिंगला भेग, चिकटपणा किंवा भुगा आहे का? शंकूला ठिगळ आहे का? ट्वीटरचा घुमट आत दबला आहे का? पेटीचा तळ पाण्याने फुगला आहे का? दोन्ही पेट्यांचे मॉडेल आणि आतले स्पीकर सारखेच आहेत का? पुष्कळदा एका बाजूला मूळचा आणि दुसऱ्या बाजूला भलताच स्पीकर बसवलेला असतो.

दुसरी, बोटांची. चार बोटे वूफरच्या शंकूवर सारख्या अंतरावर ठेवून अगदी हलक्या हाताने आत दाबावे आणि सोडावे. खरखर झाली तर कॉइल घासते आहे. अशी जोडी घेऊ नये. ट्वीटरला मात्र बोट लावू नये.

तिसरी, मीटरची. वायरमनकडे असतो तो मल्टिमीटर पुरतो. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. काहीच दाखवले नाही तर तार तुटली आहे. दोन्ही पेट्यांचे आकडे जवळजवळ सारखे असावेत.

चौथी, पेन्सिल सेलची. दीड व्होल्टचा सेल वूफरच्या तारांना क्षणभर लावावा. सेलचे अधिक टोक लाल बाजूला लावले की शंकू पुढे सरकला पाहिजे. दोन्ही पेट्यांत तो एकाच दिशेने सरकला पाहिजे. एकात पुढे आणि दुसऱ्यात मागे जात असेल, तर मागच्या दुरुस्तीत कुणीतरी तारा उलट जोडल्या आहेत. हा दोष तारा बदलून सुधारतो. त्या कारणाने भाव कमी करून मागता येतो.

पाचवी, कागदाच्या नळीची. वर्तमानपत्राची गुंडाळी करून एक टोक कानाशी आणि दुसरे ट्वीटरसमोर धरावे. आवाज हळू ठेवून ऐकावे. बारीक सळसळ स्पष्ट आली तर ट्वीटर जिवंत आहे. दोन्ही बाजूंची तुलना करावी.

सहावी, आपल्या गाण्याची. विकणाऱ्याने लावलेल्या गाण्यावर भाव ठरवू नये. तो स्पीकरचा दोष झाकणारेच गाणे लावतो. आपल्याला तोंडपाठ असलेले, एका माणसाने गायलेले गीत सोबत न्यावे. हळू आवाजात सर्व शब्द कळले पाहिजेत. मोठ्या आवाजात तर वाईट स्पीकरही गाजतो. दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये बसले की गायकाचा आवाज मधोमध उभा राहिला पाहिजे.

सातवी, वेळेची. निदान अर्धा तास वाजवून पाहावे. काही दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात.

वॉटचे गौडबंगाल

१९९० च्या दशकात डेक आणि टू-इन-वनच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' म्हणून शेकडो, हजारो वॉटचे आकडे छापत. तो आकडा क्षणभराच्या उसळीचा असे. त्यावरून काहीच कळत नाही. पाहायचा तो 'आरएमएस' आकडा. १० बाय १२ च्या खोलीत घरगुती ऐकण्यासाठी खरे १५-२० वॉट पुष्कळ होतात.

त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो. तो पेटीच्या मागे किंवा माहितीपत्रकात असतो. दर ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॉट लागतात. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर १० वॉटमध्ये जेवढा वाजतो, तेवढाच आवाज ८४ डेसिबलच्या स्पीकरमधून काढायला ४० वॉट लागतील. घरात लहान ॲम्प्लिफायर असेल तर जास्त संवेदनशील स्पीकर पाहावा. आणि ॲम्प्लिफायर ८ ओहमचा असेल तर त्यावर ४ ओहमचा स्पीकर चढवू नये, तो तापतो.

अनेकांना वाटते की छोटा ॲम्प्लिफायर स्पीकरला सुरक्षित असतो. तसे नाही. लहान ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला की त्याचा आवाज फाटतो आणि तो फाटका आवाजच ट्वीटरला जाळतो. बटण अर्ध्याच्या पुढे न्यावे लागत असेल तर जोडी चुकली असे समजावे.

कंपनीचे नाव पाहावे की नाही? पाहावे, पण शेवटी. कोलकात्याची सोनोडाइन ही आपल्याकडची १९७० पासूनची कंपनी. इंग्लंडची व्हार्फडेल १९३२ पासूनची. फिलिप्सच्या जुन्या पेट्याही अजून घरोघरी सापडतात. अहुजाची उपकरणे मुख्यतः सभा आणि मिरवणुकांसाठी. मैदानात दूरवर आवाज फेकणारा कर्णा छोट्या खोलीत कानाला बोचतो. माणसाने जशी जागा तशी वस्तू निवडावी. बीबीसीने १९७० च्या दशकात आपल्या फिरत्या ध्वनिमुद्रण गाड्यांसाठी 'एलएस ३/५ए' नावाचा अगदी छोटा स्पीकर तयार केला. गाडीतल्या अडचणीच्या जागेत माणसाचा आवाज खरा ऐकू यावा, एवढाच त्याचा उद्देश. आज जुन्या बाजारात त्याला शौकीन लोक एवढे पैसे मोजतात की आपण त्या वाटेला जाऊ नये. पण त्यातला धडा आपल्या कामाचा आहे. लहान खोलीला लहान, नेमकी पेटी शोभते. उंच पेट्यांचा मोह आम्हाला महाग पडला.

दुसरी जोडी आम्हाला नांदेडलाच मिळाली. बदली होऊन जाणाऱ्या एका कर्मचाऱ्याने ती विकायला काढली होती. लहान, सव्वा फूट उंचीच्या पेट्या, रबराची रिंग, एका पेटीचा कोपरा उडालेला. लातूरहून दाजी मीटर घेऊन आले होते. सातही परीक्षा झाल्या. कोपरा उडाल्याचे दाखवून भाव साडेसात हजारांवर आणला. कोपऱ्याने आवाज बिघडत नाही. आपल्याकडे न मिळाल्यास हैदराबादचे कोटी, मुंबईची लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार येथेही असा माल असतो. मात्र तेथे जाताना जाणकार माणूस सोबत असावा आणि प्रवासखर्च किमतीत धरावा.

जोडी घरी आणल्यावर

निम्मा आवाज खोलीचा असतो. पेट्या कोपऱ्यात ठेवू नयेत, घुमतात. भिंतीपासून फूटभर पुढे घ्याव्यात. पत्र्याच्या ट्रंकेवर तर मुळीच ठेवू नयेत, ट्रंक आपले वेगळेच गाणे म्हणते. आम्ही विटांचे दोन ओटे रचले आणि वर जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे ठेवून पेट्या बसवल्या. आपण सतरंजीवर बसून ऐकतो, म्हणून ट्वीटर जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास, म्हणजे बसलेल्या माणसाच्या कानाशी आला पाहिजे. दोन पेट्यांत पाच फूट अंतर ठेवावे आणि आपण तेवढ्याच अंतरावर समोर बसावे. पत्रा आणि उघड्या भिंती आवाज परतवतात. पाठीमागच्या भिंतीवर एक वाकळ टांगली की शब्द एकदम स्वच्छ होतात. पुस्तकांची मांडणीही तेच काम करते, आणि ती तर आपल्या प्रत्येक घरात असायलाच हवी.

तारेसाठी महागडी वस्तू घेऊ नये. घराच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार एका खोलीला उत्तम चालते. लाल ते लाल, काळे ते काळे एवढे सांभाळावे.

दोन गोष्टी कानाच्या. ८५ डेसिबल आवाज रोज ८ तासांच्या वर ऐकला तर कानाला अपाय होऊ लागतो. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटे उरते. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे लेकरू खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांनी याचा विचार करावा. गेलेले कान परत येत नाहीत. कायद्यानेही निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ खुल्यावर लाऊडस्पीकर लावायला बंदी आहे. शेजारच्या घरात परीक्षेचा अभ्यास चालू असेल तर त्या पोराचा अभ्यास हीच खरी जयंती.

कॅसेट सांभाळा

आता त्या कॅसेटचे सांगतो. स्पीकर आले म्हणून आम्ही लगेच ती कॅसेट लावली नाही. चाचांनी बजावले होते. आधी डेकचे हेड स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसावे. एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून डेक टेप गिळत नाही ना, ते पाहावे. जुन्या कॅसेटच्या आतली नमद्याची छोटी गादी गळून पडते, ती पाहून घ्यावी. टेप एकदा हळूच पुढे-मागे फिरवावी. आणि कॅसेट कधीही स्पीकरच्या पेटीवर ठेवू नये, कारण आतल्या लोहचुंबकाने ध्वनिमुद्रण पुसले जाऊ शकते.

आम्ही पहिल्याच वेळी डेकची तार संगणकाला जोडून आवाज साठवून घेतला. स्पीकरसमोर मोबाईल धरून भरून घेणे ही नक्कल नव्हे. एक प्रत घरी, एक लातूरला ताईकडे ठेवली.

मग एका रविवारी सकाळी वंदना झाल्यावर कॅसेट लावली. मायला मधोमध बसवले. आवाज हळू ठेवला. आधी माणसांची कुजबुज, कुणाचे तरी खोकणे, मग पेटीचा सूर आणि बाबांचा आवाज. आम्ही ही कॅसेट लहानपणापासून पन्नास वेळा ऐकली असेल, पण मधल्या दोन गीतांचे शब्द आम्हाला कधीच कळले नव्हते. ती नामांतराची गीते होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला आणि नामांतर प्रत्यक्षात आले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या मधल्या सोळा वर्षांत आपल्या माणसांची घरे जळाली, जीव गेले. बाबांनी त्या गीतात गावातल्या जळालेल्या घरांची नावे घेतली आहेत. एकेक घर, एकेक नाव. हे कुठल्याही पुस्तकात नाही. हे आमच्या घरात तीस-पस्तीस वर्षे होते आणि आम्हाला ऐकू येत नव्हते.

माय ऐकत होती. कोरस सुरू झाला तेव्हा तिने हात वर केला. म्हणाली, "थांब. ही मागं बाई गाती ना, ती मीच हाय." आम्हाला हे ठाऊकच नव्हते. बाबांच्या पार्टीत माय गात होती, हे तिने कधी सांगितले नव्हते आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. आमच्या लेखी ती पार्टी म्हणजे बाबांची पार्टी होती. कॅसेटच्या कागदावर सहा पुरुषांची नावे आहेत, मायचे नाव नाही.

त्या दिवशी आम्ही पेन घेऊन त्या कागदावर सातवे नाव लिहिले.

पार्टीतले दोन वृद्ध अजून आहेत. त्यांना पुढच्या रविवारी बोलावले. चहापाणी झाले, थांबून थांबून कॅसेट ऐकली आणि दोन्ही गीते वहीत उतरवून घेतली. अडलेला शब्द मायने सांगितला. ती वही आता विहारातल्या वाचनालयात ठेवायचे ठरले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, अशा कॅसेटी एकट्या आमच्याच घरी आहेत असे नाही. मराठवाड्यात गावोगावी गायन पार्ट्या होत्या. त्यांची गीते कुठल्याही कंपनीने काढली नाहीत. ती आपल्या ट्रंकांत, माळ्यावर, कपाटाच्या तळाशी पडून आहेत. टेप दरवर्षी थोडी थोडी मरते आणि ऐकून सांगणारी माणसेही कमी होत आहेत. सगळ्यांनी स्पीकर घ्यावेत असे आमचे म्हणणे नाही. वस्तीत पाच घरांनी वर्गणी काढून विहारात एक नेमकी जोडी बसवली तरी पुरे. जयंतीच्या एका रात्रीच्या भाड्यातून थोडे बाजूला काढले तर हे सहज होईल. घेताना नाव पाहू नका, रिंग पाहा. आवाज मोठा आहे का ते विचारू नका, शब्द कळतात का ते विचारा.

आणि आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की तुमच्या तरुणपणी कोण गात होते. कदाचित उत्तर देणारीच गात असेल.